अकरा टॉवर, दोन अपस्ट्रीम: स्टॅटिक राउट काढून ओएसपीएफ कसं लावायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिग्रसला तुमची मुख्य फायबर येते, आर्णीला दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली आहे; या दोन तुमच्या अपस्ट्रीम, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या लाईन. मधल्या गावांत अकरा टॉवर आहेत, ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ आहेत आणि प्रत्येक टॉवरवर मायक्रोटिक कंपनीचा राउटर आहे. सगळे राउट स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेले, आहेत. एखादी लिंक पडली की रात्री-अपरात्री गाडी काढून राउट बदलावे लागतात. रिप, ओएसपीएफ की बीजीपी, या राउटरांनी आपसात रस्ते ठरवायच्या पद्धतींतली कुठली घ्यायची आणि कसं लावायचं, हे तुम्ही विचारलंत. दोन टॉवरवर ओएसपीएफ लावून पाहिलं, पण नेबर फुल होत नाही, म्हणजे शेजारच्या राउटरशी जोडणी पूर्ण होत नाही, हेही लिहिलंत.

ओएसपीएफ घ्या. त्याच्या कमांड जेमतेम दहा ओळींच्या आहेत, त्यात अडकण्यासारखं फारसं नाही. अडकायला होतं ते एका वेगळ्याच गोष्टीत. ओएसपीएफला लिंक जिवंत आहे की मेली एवढंच कळतं, ती चांगली चालते की रडत-खडत चालते हे कळत नाही. आपल्या भागात लिंक एकदम मरत नाहीत, हळूहळू खराब होतात. म्हणून लिंकची खरी अवस्था तुम्ही स्वतः, हाताने, कॉस्टच्या, म्हणजे त्या रस्त्याच्या खर्चाच्या, आकड्यातून राउटरला सांगायची. हे काम नीट केलंत तर रात्रीच्या चकरा बंद होतील. ते टाळून नुसतं ओएसपीएफ चालू केलंत तर आज निदान ठरलेल्या रस्त्याने जाणारा ट्रॅफिक उद्या चुकीच्या रस्त्याने जाईल, आणि का गेला ते शोधत बसावं लागेल.

रिप नको, त्याचं कारण आधी. रिप फक्त मधले राउटर मोजतो. समजा चार नंबरच्या टॉवरवरून दिग्रसला थेट लिंक आहे, पण मधे सागाचं जंगल असल्याने ती ६० एमबीपीएसच देते. दुसरीकडे, आणखी एका टॉवरवरून वळसा घेऊन जाणाऱ्या दोन लिंक प्रत्येकी २५० एमबीपीएसच्या आहेत. रिपला थेट लिंकच जवळची वाटणार. पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून, अंतर कमी म्हणून चिखलाच्या पांदणीत बैलगाडी घालण्यासारखं ते आहे. शिवाय रिपची मर्यादा १५ राउटरची आहे, सोळावा त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. तो दर ३० सेकंदांनी सगळा तक्ता शेजाऱ्याला पाठवतो आणि बातमी पसरायला वेळ लावतो. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटरकडे सगळ्या जाळ्याचा नकाशा असतो आणि त्यावरून तो डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाच्या पद्धतीने सर्वात स्वस्त रस्ता स्वतः काढतो. आज वापरात असलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा नियमांचा दस्तऐवज, आरएफसी २३२८, १९९८ सालचा आहे. इतकी जुनी असल्यामुळे बहुतेक कंपन्यांचे व्यावसायिक राउटर तिला ओळखतात.

कमांडला हात लावण्याआधी कागद घ्या. अकरा टॉवर, त्यांच्यातली प्रत्येक लिंक आणि दोन्ही अपस्ट्रीम काढा. प्रत्येक राउटरला एक लूपबॅक पत्ता (कुठल्याही लिंकशी न बांधलेला, राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) द्या: १०.२५५.०.१ पासून १०.२५५.०.११ पर्यंत, सगळे /३२, म्हणजे एकेक सुटा पत्ता. मायक्रोटिकच्या जुन्या आवृत्तीत यासाठी एक रिकामा ब्रिज (राउटरमधला आभासी स्विच) बनवून त्यावर पत्ता टाकतात. हाच पत्ता राउटर आयडी म्हणून हाताने लिहा, आपोआप निवडू देऊ नका. आपल्याकडे नवीन टॉवर उभारताना जुन्या राउटरचा बॅकअप नव्यावर चढवायची पद्धत आहे. त्यातून दोन राउटरचा आयडी एकच होतो. असे दोघे शेजारी असतील तर नेबर होतच नाहीत. दूर असतील तर प्रकरण जास्त वाईट, कारण दोघे एकमेकांची माहिती खोडत राहतात आणि सगळ्या जाळ्यात राउट येतात-जातात.

प्रत्येक लिंकला स्वतंत्र /३०, म्हणजे दोन टोकांपुरता चार पत्त्यांचा गट, द्या. सगळे रेडिओ एकाच ब्रिजमध्ये टाकून एकच मोठं सबनेट (पत्त्यांचा गट) चालवत असाल तर ते आधी मोडा. रिंगमध्ये ब्रिज ठेवून वर ओएसपीएफ चालवण्यात काही अर्थ नाही.

आता मांडणी. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत राउटिंगच्या मेनूत ओएसपीएफखाली आधी इन्स्टन्स बनवायचा, त्यात आवृत्ती २ आणि राउटर आयडी लिहायचा. मग एरिया, म्हणजे जाळ्याचा एक भाग, बनवायचा, त्याचा आयडी ०.०.०.०. मग इंटरफेस टेम्प्लेट, म्हणजे कुठल्या इंटरफेसवर ओएसपीएफ बोलेल ते सांगायचं. सिस्को कंपनीचा राउटर असेल तर राउटर ओएसपीएफ या प्रोसेसखाली नेटवर्कच्या ओळी येतात, त्यात सबनेट मास्कऐवजी उलटा मास्क लागतो. अकरा राउटरना एकच एरिया पुरे. एरियांची विभागणी मोठ्या जाळ्यांसाठी आहे. आजचे छोटे राउटरही एका एरियात काही डझन शेजारी सहज सांभाळतात.

टेम्प्लेटमध्ये टॉवर-टॉवर लिंकचा प्रकार पॉइंट-टू-पॉइंट ठेवा. मुळात तो ब्रॉडकास्ट असतो. त्यात दोन राउटर आधी आपल्यातला मुख्य कोण ते निवडतात आणि त्या निवडणुकीपायी लिंक आल्यावर ४० सेकंदांपर्यंत वाट पाहावी लागते. दोनच राउटर असलेल्या लिंकवर त्या निवडणुकीची गरजच नाही. मात्र दोन्ही टोकांना प्रकार एकच हवा. एकीकडे पॉइंट-टू-पॉइंट आणि दुसरीकडे ब्रॉडकास्ट राहिला, तर नेबर फुल दिसतो पण पलीकडचे राउट तक्त्यात येत नाहीत. हे दुखणं शोधायला फार वेळ खातं, कारण वरून सगळं ठीक दिसतं.

ग्राहकांकडे जाणारा प्रत्येक इंटरफेस पॅसिव्ह करा. म्हणजे त्याचं सबनेट जाहीर होतं, पण त्यावर हॅलो (शेजाऱ्याला 'मी आहे' सांगणारी छोटी पॅकेट) जात-येत नाहीत. नाहीतर एखाद्याने घरच्या राउटरवर ओएसपीएफ चालू केलं आणि डिफॉल्ट राउट (बाहेरच्या इंटरनेटचा रस्ता) फुंकला, की आख्ख्या गावाचा ट्रॅफिक त्याच्या घरात. टॉवरच्या लिंकवर ऑथेंटिकेशनही, म्हणजे राउटरांमधला पासवर्ड, लावा. त्याची पद्धत राउटर देत असेल तर शा, नाहीतर एमडी५.

कॉस्टवर मात्र मनापासून वेळ द्या. सिस्कोमध्ये कॉस्ट म्हणजे १०० एमबीपीएस भागिले इंटरफेसचा वेग, त्यामुळे १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्हींची कॉस्ट १ निघते. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत तर प्रत्येक इंटरफेसची कॉस्ट मुळातच १ आहे, म्हणजे तो पुन्हा रिपसारखेच टॉवर मोजणार. आणि समजा आपोआप हिशोब झाला, तरी राउटरला दिसतो तो रेडिओकडे जाणाऱ्या केबलचा गिगाबिट पोर्ट. पलीकडे हवेत ६० एमबीपीएस चाललेत की ३००, हे त्याला दिसतच नाही.

म्हणून १०,००० भागिले लिंकचा खरा वेग, असा साधा हिशोब ठेवा. गिगाबिट फायबर १०, २५० एमबीपीएसची लिंक ४०, १०० ची १००, ६० ची १६७. वरच्या उदाहरणात वळशाच्या दोन लिंक मिळून ८० आणि थेट लिंक १६७, म्हणजे ट्रॅफिक बरोबर वळशाने जातो. वळसा तुटला की आपसूक थेट लिंकवर येतो, सावकाश का होईना चालतो. कॉस्ट दोन्ही टोकांना सारखीच टाका. ती फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेची असते, एका टोकाला विसरलात तर ट्रॅफिक एका वाटेने जाईल आणि दुसऱ्या वाटेने परत येईल.

खरा वेग कोणता धरायचा? रेडिओच्या स्क्रीनवर दिसणारा नाही, आणि उन्हाळ्यात मोजलेलाही नाही. विदर्भात लिंकचं काम बहुतेक वेळा एप्रिल-मे महिन्यांत होतं, कारण तेव्हा वावरं मोकळी असतात आणि टॉवरपर्यंत गाडी जाते. त्याच दिवसांत साग पानगळीने उघडा असतो. दुर्बिणीतून समोरचा टॉवर स्वच्छ दिसतो, सिग्नल उत्तम येतो. जून-जुलैत सागाला ती रुंद पानं येतात, त्यावर पावसाचं पाणी थांबतं, आणि लिंक बसते. लोक पावसाला दोष देतात, पण ५ गिगाहर्ट्झवर पावसाच्या धारांनी होणारी घट किरकोळ असते. खरी घट ओल्या पानांनी आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याने होते. समोरचा टॉवर डोळ्यांना दिसणं पुरेसं नसतं. ५.८ गिगाहर्ट्झच्या १० किलोमीटर लिंकला मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची (रेडिओलहरींना लागणाऱ्या, रेषेभोवतीच्या फुगीर जागेची) त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या सभोवती जवळपास ७ मीटर, मोकळा लागतो. म्हणून कॉस्टचा आकडा ऑगस्टमधल्या मोजणीवर ठरवा. नवीन लिंक उन्हाळ्यात बांधली असेल आणि मधे झाडं असतील तर तिचा वेग निम्मा धरून कॉस्ट टाका, पावसाळ्यानंतर पुन्हा बघा.

ओएसपीएफ हे स्वतः का ओळखत नाही, तेही समजून घ्या. तो दर १० सेकंदांनी एक छोटा हॅलो पाठवतो आणि ४० सेकंदांत एकही हॅलो आला नाही तरच शेजारी मेला असं मानतो. म्हणजे साधारण सलग चार हॅलो हरवायला हवेत. लिंकवर १० टक्के पॅकेट हरवत असतील तर सलग चार हरवण्याची शक्यता दहा हजारात एक. हरवणं विखुरलेलं असेल, तर सरासरी एक दिवसाहून अधिक काळ नेबर फुल दिसत राहील. आणि १० टक्के पॅकेट हरवणाऱ्या लिंकवर सेवा केंद्रातला माणूस पीकविम्याचा एक अर्जही धड भरू शकत नाही. जुलैच्या अखेरीला मुदत संपत आलेली असताना केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तुमच्या राउटरवर फुल लिहिलंय याचा काही उपयोग नाही. म्हणून प्रत्येक लिंकवर १,४०० बाइटच्या पिंगची कायम नोंद ठेवा. एक-दोन टक्क्यांवर नुकसान गेलं की त्या लिंकची कॉस्ट वाढवा, आणि मगच कारण शोधायला निघा.

हॅलोची वेळ सुरुवातीला १० आणि ४० च राहू द्या. फेलओव्हरला, म्हणजे दुसऱ्या वाटेवर जायला, ४० सेकंद लागतात कारण रेडिओ वेगळा डबा आहे. पलीकडचा टॉवर बंद पडला तरी तुमच्या राउटरचा इथरनेट पोर्ट चालूच राहतो, त्यामुळे राउटरला ताबडतोब काही कळत नाही. जाळं स्थिर झालं की ५ आणि २० करा, दोन्ही टोकांना एकसारखं, नाहीतर नेबर जुळणार नाही. बीएफडी हा लिंक सतत तपासणारा वेगळा प्रोटोकॉल सेकंदाच्या आत लिंक पडल्याचं ओळखतो, फायबरवर तो फार उपयोगी आहे. पण वाऱ्यात हलणाऱ्या टॉवरच्या रेडिओ लिंकवर तो लावू नये असं माझं ठाम मत आहे. क्षणभराच्या धक्क्यालाही तो लिंक मेली म्हणतो आणि राउट सारखे उड्या मारत राहतात.

तुमचा नेबर फुल का होत नाही, ते आता बघू. तो कुठल्या अवस्थेत अडकलाय ते तुम्ही लिहिलं नाही, पण अवस्थेवरूनच निदान होतं. यादीत नेबर दिसतच नसेल तर सबनेट, एरिया, हॅलोच्या वेळा किंवा ऑथेंटिकेशन जुळत नाही, किंवा फायरवॉल अडवतोय. ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही, त्याचा स्वतःचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे. इनपुट चेनमध्ये (राउटरकडे येणाऱ्या पॅकेटच्या नियमांच्या यादीत) शेवटी सगळं ड्रॉप करणारा नियम असेल तर त्याच्या वर ८९ ला परवानगी द्या.

इनिट या सुरुवातीच्या अवस्थेत अडकला असेल तर तुम्हाला त्याचं ऐकू येतंय पण त्याला तुमचं ऐकू जात नाही. हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या) पत्त्यावर जातात, आणि काही रेडिओ मल्टिकास्ट गाळतात. रेडिओमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्यालाच पाठवणारी सोय) किंवा मल्टिकास्ट फिल्टर चालू असेल तर बंद करून बघा.

एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या त्यापुढच्या अवस्थांत अडकला असेल तर बहुतेक वेळा एमटीयूचा, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या आकाराचा, घोळ असतो. दोन्ही टोकांचा एमटीयू वेगळा, उदाहरणार्थ एकीकडे १,५०० आणि दुसरीकडे टनेलमुळे १,४८०, असला की कमी एमटीयूवाला राउटर समोरच्याची माहितीची पॅकेट नाकारतो. काही राउटरमध्ये एमटीयूकडे दुर्लक्ष करायची सोय आहे. ती वापरू नका, एमटीयू दोन्हीकडे सारखा करा. दुर्लक्ष केल्यावर नेबर फुल होतो, पण मोठी पॅकेट अडायची ती अडतातच, आणि ग्राहक सांगतो की काही साइट उघडतात, काही नाही. तुम्ही रेडिओवर व्हीलॅन (एकाच लिंकवर वेगळी केलेली जाळी) चालवता असं लिहिलंय, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे.

आता दोन अपस्ट्रीम. दिग्रस आणि आर्णी, दोन्ही राउटरनी डिफॉल्ट राउट जाहीर करायचा, पण स्वतःकडे तो चालू असेल तरच. कायम जाहीर करण्याचा पर्याय निवडलात तर दिग्रसची फायबर तुटल्यावरही सगळे टॉवर दिग्रसकडेच धावतील आणि ट्रॅफिक तिथे बुडेल. एवढ्यानेही भागत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर दहा किलोमीटरवर तोडली, तरी तुमच्या खोलीतला मीडिया कन्व्हर्टर (फायबर इथरनेटला जोडणारा डबा) पोर्ट चालू दाखवत राहतो आणि स्टॅटिक डिफॉल्ट राउट तसाच जिवंत राहतो. म्हणून तो राउट दूरच्या एखाद्या स्थिर पत्त्याच्या पिंगवर अवलंबून ठेवा. त्या पत्त्यासाठी त्याच अपस्ट्रीममधून जाणारा /३२ राउट पक्का करा, नाहीतर पिंग दुसऱ्या बाजूने फिरून यशस्वी होईल. डिफॉल्टचा मेट्रिक प्रकार १ ठेवा. त्यात आतल्या लिंकची कॉस्ट धरली जाते, त्यामुळे प्रत्येक टॉवर स्वतःला जवळच्या बाजूने बाहेर पडतो. प्रकार २ मध्ये सगळे टॉवर एकाच, कमी मेट्रिकच्या बाजूला जातात. आर्णीची लाईन लहान असेल आणि ती फक्त राखीव ठेवायची असेल तर प्रकार २ बरा. दोन्ही राउटरवर सगळ्या टॉवरच्या पत्त्यांसाठी नॅट (आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणारी सोय) आणि फायरवॉलचे नियम लिहिलेले असू द्या, आणि लायसन्सच्या अटीप्रमाणे ठेवायचे लॉगही दोन्हीकडून जमा व्हायला हवेत. बाजू बदलताना बाहेरचा पत्ता बदलतो, म्हणून चालू असलेली लॉगिन सत्रं एकदा तुटतील. नॅट असेपर्यंत ते टळत नाही.

ग्राहकांचे पीपीपीओई (लॉगिन केल्यावर मिळणारे) पत्ते एकेक करून ओएसपीएफमध्ये जाऊ देऊ नका. आपल्याकडे गावाची वीज जाते आणि तासाभराने एकदम येते. तेव्हा त्या गावातले सगळे राउटर एका मिनिटात तुटतात आणि एका मिनिटात जोडले जातात. प्रत्येकाचा /३२ जाहीर होत असेल तर ती प्रत्येक बातमी अकराही राउटरना पुन्हा हिशोब करायला लावते. त्याऐवजी प्रत्येक टॉवरच्या पूलसाठी एकच /२४ (२५६ पत्त्यांचा) ब्लॅकहोल राउट, म्हणजे कुठेही न नेणारा, फक्त जाहीर करण्यापुरता राउट, बनवा आणि फक्त तेवढाच जाहीर करा. गावात काहीही झालं तरी बाकी जाळ्याला त्याची झळ लागत नाही.

बदल करताना जुने स्टॅटिक राउट आधी काढू नका. राउटर कमी डिस्टन्सचा राउट आधी घेतो; स्टॅटिकचं डिस्टन्स १ आणि ओएसपीएफचं ११०, त्यामुळे दोन्ही असताना स्टॅटिकच जिंकतो. याचा फायदा घ्या: सगळ्या टॉवरवर ओएसपीएफ चालू करा, ट्रॅफिकला धक्का लागणार नाही, आणि तक्त्यात ओएसपीएफचे राउट बरोबर आलेत का ते निवांत तपासा. मग सर्वात दूरच्या टॉवरपासून एकेक करत स्टॅटिक काढा. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड चालू ठेवूनच काढा, संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे जातो. तरीही अडलात तर शेजारच्या टॉवरवरच्या राउटरमधून मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्याने आत शिरता येतं. पण काढा सगळे. विसरलेला एक स्टॅटिक राउट सहा महिन्यांनी, लिंक पडल्यावर, ट्रॅफिक मेलेल्या दिशेला पाठवतो किंवा दोन टॉवरमध्ये गोल फिरवतो.

शेवटचा राउट काढला की दिवसाढवळ्या प्रत्येक लिंक एकेक करून स्वतः बंद करा आणि सगळ्या लूपबॅकना पिंग चालू ठेवून बघा. मग दिग्रसची अपस्ट्रीम बंद करा, मग आर्णीची. रिंग एका बाजूने तुटली की सगळा भार दुसऱ्या बाजूवर येतो. ती बाजू तो पेलते का, हेही याच चाचणीत कळेल. ग्राहकांना आधी सांगा, आणि जुलैचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. पुढे टॉवरवर चढून काम करायचं असेल तेव्हा आधी त्या लिंकची कॉस्ट दोन्ही टोकांना ६५,५३५ करा. ट्रॅफिक दुसऱ्या वाटेला गेला की निवांत डिश हलवा, कुणाचा व्हिडिओसुद्धा थांबणार नाही.

राहिलं बीजीपी. आतल्या अकरा टॉवरसाठी त्याची गरज नाही. उद्या आयआरआयएनएन या भारतातल्या पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून स्वतःचे पत्ते आणि एएस क्रमांक (तुमच्या जाळ्याचा ओळख क्रमांक) घेतलात, तर दोन्ही अपस्ट्रीमशी बीजीपी बोला. मग बाजू बदलली तरी पत्ता तोच राहील आणि वरची सत्रं तुटण्याची तक्रारही संपेल. तेव्हा बीजीपीचे राउट ओएसपीएफमध्ये ओतू नका. आयपीव्ही४ चा पूर्ण तक्ता नऊ लाखांहून मोठा आहे, टॉवरवरचे छोटे राउटर त्याखाली झोपतील. आतल्या टॉवरना दोन डिफॉल्ट राउट पुरतात. दिग्रस आणि आर्णीचे राउटर आपसात आयबीजीपी (एकाच जाळ्याच्या आतला बीजीपी) बोलतील, ते आज दिलेल्या लूपबॅक पत्त्यांवरूनच.